हाताचा ब्रेस्ट पंप: कुठला घ्यावा, कधी घ्यावा आणि तो वापरताना काय चुकतं

दवाखान्यात न्यायच्या पिशवीत हल्ली एक खोकं हमखास वाढलंय, ब्रेस्ट पंपाचं. बाळंतविड्यातसुद्धा ते येतं. सांगलीत विश्रामबागेत किंवा मिरजेत दवाखान्यांच्या आसपास कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये विचारलं, की काउंटरवर साधारण तीन जातींचे पंप येतात. एक रबरी फुग्याचा, एक हँडल दाबायचा आणि एक चार्जिंगचा. इथे आम्ही मुख्यतः हँडलच्या पंपाबद्दल लिहितोय, कारण बहुतेक घरांना पुरतो तो हाच. पाचपैकी चार गुण द्यावेत अशी ही वस्तू आहे. पण ती बाळंतपणाच्या आधी आणून ठेवायची नाही, आणि दूध किती येतंय हे मोजायला तर मुळीच वापरायची नाही.

रबरी फुग्याचा पंप आधी बाजूला काढू. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा कर्णा आणि मागे रबराचा फुगा असं त्याचं रूप. सगळ्यात स्वस्त म्हणून तोच पुढे केला जातो. त्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. फुगा दाबून सोडला की ओढ एकदम येते, ती कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे बोंडाला चीर पडते. दुसरं म्हणजे दूध फुग्यात जातं, आणि फुगा आतून घासता येत नाही, नीट वाळतही नाही. असल्या पंपातून काढलेलं दूध बाळाला देऊ नये. फक्त दाटलेलं दूध काढून टाकायला म्हणून कुणी घेत असेल, तर ते काम स्वतःच्या हाताने जास्त चांगलं होतं आणि फुकट होतं.

आता वेळेचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक. तो घट्ट असतो आणि थेंबाथेंबाने येतो. पंपाच्या आतल्या भागांनाच त्यातला निम्मा चिकटून बसतो आणि बाटलीत काही दिसत नाही. मग घरात सुरू होतं, "दूधच नाही हिला." बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरच मावतं, त्याला तेवढा चीक पुरतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कधीतरी दूध भरून येतं, सिझर झालं असेल तर थोडं उशिरा. या दिवसांत चीक काढून द्यायची वेळ आली तर हाताने काढावा. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडापासून सुमारे एक-दीड इंच मागे. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, पुन्हा तेच. बोटं कातडीवर घसरू द्यायची नाहीत. पहिली दोन-तीन मिनिटं काही येत नाही, तिथे बायका सोडून देतात. थोडं थांबलं की थेंब दिसायला लागतात, ते सरळ स्वच्छ चमच्यात घ्यायचे.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बाळ कमी दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत ठेवलं असेल, ओढून पीत नसेल, तर वाट बघायची नाही. पहिल्या काही तासांतच हाताने काढायला सुरुवात करायची आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसकट, काढत राहायचं. अशा वेळी हँडलचा पंप अपुरा पडतो. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा मोठा इलेक्ट्रिक पंप हवा. तो विकत घेण्याआधी बाळ जिथे आहे तिथल्या नर्सबाईंना विचारा, वापरायला किंवा भाड्याने मिळू शकतो.

बाकीच्यांसाठी पंपाची खरी गरज कामावर परत जायची वेळ जवळ आली की पडते. बाळ अंगावर नीट प्यायला लागल्यावर, साधारण पाच-सहा आठवड्यांनी घेतला तर पैसे वाया जात नाहीत.

दुकानात बघायच्या गोष्टी आता. हँडलच्या पंपात मोजून पाच-सहा भाग असतात: फनेल, मधला सांधा, सिलिकॉनची गोल चकती, तिच्यात अडकणारी हँडलची दांडी, खालचा वॉल्व्ह आणि बाटली. फनेल म्हणजे स्तनावर बसणारा शंकू. त्याच्या नळीच्या तोंडाचा व्यास खोक्यावर मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, बहुतेकांचा २४ असतो. बायका इथेच फसतात, कारण सगळ्यांना एकच माप येत नाही. साधी पट्टी घ्या, बाळाला पाजायच्या आधी बोंडाची बुडाजवळची रुंदी मोजा आणि त्यात दोन ते चार मिलिमीटर मिळवा. रुंदी १६ आली तर २४चा फनेल मोठा होतो. मग भोवतीचा काळा भाग बराचसा नळीत ओढला जातो, सूज येते आणि दूध कमी निघतं. उलट फनेल लहान असेल तर बोंड कडांना घासतं आणि काढून झाल्यावर पांढरट किंवा जांभळं दिसतं. ज्या पंपाला दुसऱ्या मापाचे फनेल किंवा आत बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा सुट्या मिळतात, तो दोन-तीनशे रुपयांनी महाग असला तरी घ्यावा.

वॉल्व्ह हा दुसरा मुद्दा. बदकाच्या चोचीसारखा दिसणारा मऊ तुकडा, टोकाला बारीक चीर. ओढ असताना ही चीर मिटते, सोडलं की उघडते आणि दूध बाटलीत पडतं. पंपाची ताकद सगळी या चिरेवर असते. ती थोडी जरी फाकली तरी ओढ निम्म्यावर येते, आणि बाई समजते की आपलं दूध आटलं. म्हणून दुकानातच विचारायचं, "दादा, याचा वॉल्व्ह सुटा मिळतो का?" नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा. रोज दोन-तीनदा वापर असेल तर दोन-तीन महिन्यांत वॉल्व्ह बदलायची तयारी ठेवावी. शक्य असेल तर खोकं उघडून घ्या, स्वच्छ तळहात फनेलच्या तोंडावर घट्ट धरा आणि हँडल दाबा. तळहाताला चिकटून राहिला तर ठीक. सूं असा हवा सुटल्याचा आवाज आला तर चकती नीट बसलेली नाही किंवा वॉल्व्ह खराब आहे. एकदा घरी नेलेला पंप स्वच्छतेच्या कारणाने सहसा परत घेत नाहीत, म्हणून ही परीक्षा तिथेच करावी.

कंपन्यांमध्ये मेडेलाच्या हार्मनी पंपाचं हँडल दोन टप्प्यांचं आहे, आखूड टोकाने भराभर हलकी ओढ आणि लांब टोकाने सावकाश खोल ओढ. ही सोय खरोखर उपयोगी आहे. फिलिप्स अ‍ॅव्हेंटच्या फनेलला आतून मऊ सिलिकॉन असतं, नाजूक कातडीला ते बरं पडतं. देशी कंपन्यांचे पंप यांच्याहून बरेच स्वस्त मिळतात आणि काम करतात, फक्त फनेलची मापं आणि सुटे भाग हे दोन प्रश्न विचारूनच घ्यावेत.

वापरायची पद्धत खोक्यातल्या चिठ्ठीवर असते, पण तिथे महत्त्वाचं तेच गाळलेलं असतं. हात धुऊन, पाठीला आधार घेऊन, थोडं पुढे झुकून बसायचं, म्हणजे दूध चकतीकडे न जाता बाटलीत उतरतं. बोंड नळीच्या बरोबर मध्ये हवं. पहिली एक-दोन मिनिटं हँडल भराभर आणि अर्धवटच दाबायचं. बाळही आधी असंच चुटूचुटू ओढतं, त्यानेच पान्हा फुटतो. छातीत मुंग्या आल्यासारखं वाटतं, किंवा दुसऱ्या बाजूने आपोआप गळायला लागतं, काहींना यातलं काहीच जाणवत नाही पण धार दिसते. धार सुरू झाली की लय बदलायची: सावकाश दाबायचं, क्षणभर धरायचं, सोडायचं. पाच-सात मिनिटांनी धार मंदावली की दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने स्तन हलकेच दाबत राहिलं तर दूध स्पष्ट जास्त निघतं.

दुखलं तर ओढ कमी करा. जोरात ओढलं म्हणजे जास्त दूध येतं ही समजूत चुकीची आहे. दुखण्याने आणि ताणाने पान्हा अडतो आणि निघायचं तेही निघत नाही.

पहिल्या काही वेळांना वीस-तीस मिली निघालं तर ते कमी नाही. बाळाचं पिऊन झाल्यावर काढत असाल तर तेवढंच अपेक्षित असतं. पंपाला जे जमत नाही ते बाळाला जमतं, त्यामुळे बाटलीतल्या रेघेवरून दूध पुरतंय की नाही हे ठरवू नका. ते लंगोटावरून ठरतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, शूचा रंग फिका, शी पिवळी, आणि सुरुवातीला उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळेच्या आकड्यावर परत. हे सगळं जुळत असेल तर पंपात काहीही दिसो, दूध पुरतंय. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी खुशाल खा, बाळंतिणीला ते हवंच. पण दूध वाढतं ते स्तन वारंवार रिकामा झाल्याने. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं हे त्याचं मूळ.

पंपाचा सगळ्यात मोठा गैरवापर दूध दाटल्यावर होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळाला बोंड तोंडात धरता येत नाही, आणि कुणीतरी पंप लावून सगळं रिकामं करायला सांगतं. रिकामं केलं की शरीर समजतं एवढं दूध लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त दाटतं. अशा वेळी बोंडाभोवतीचा काळा भाग मऊ होईल इतकंच काढायचं. त्याआधी बोटांची टोकं बोंडाच्या बुडाशी ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर स्थिर दाबून धरलं तर सूज मागे सरते आणि बाळाला पकड मिळते. शेकाबद्दलही थोडं. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी असतेच, पण दाटलेल्या छातीला लांबवर शेक दिला तर सूज वाढते. पाजायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं कोमट फडकं, आणि पाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पट्टी दहा मिनिटं. गाठ जोराने चोळून फोडायची नाही, आतल्या नाजूक भागाला इजा होते. छातीवर लाल चट्टा, ताप, थंडी वाजणं असं झालं आणि चोवीस तासांत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जा. बाळ खूप लहान असताना तर लवकरच दाखवा. अशातही पाजणं थांबवायचं नसतं.

बोंडाला चिरा पडल्या म्हणून पंप लावणारेही बरेच. चीर बहुतेक वेळा पकडीमुळे पडते. बाळाचं तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसणारा अशी पकड हवी. पाजून झाल्यावर बोंड गोलच दिसायला हवं. एका बाजूने चेपलेलं किंवा तिरकं कापल्यासारखं दिसलं तर पकड वरवरची होती. दुखत राहिलं तर बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आपली करंगळी आत सरकवून ओढ सोडवायची आणि पुन्हा लावायचं. चिरेवर आपल्याच दुधाचा थेंब चोळून वाळू द्यावा, किंवा लॅनोलिनचं मलम मटारच्या दाण्याएवढं. ते पाजायच्या आधी पुसावं लागत नाही. हळद इथली कितीही नावाजलेली असली तरी ती तुपात कालवून बोंडाला लावू नका. कण चिरेत बसतात आणि बाळाच्या तोंडात जातात.

बोंड सपाट किंवा आत गेलेलं असेल तर पंपाआधी काही रुपयांची एक गोष्ट करून बघावी. दहा किंवा वीस मिलीची नवी सिरिंज, सुई न लावता. जिथे सुई बसते ते टोक ब्लेडने पूर्ण कापायचं, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने आत घालायचा. आता गुळगुळीत कड बोंडावर ठेवून दट्ट्या हलकेच मागे ओढायचा, अर्धा ते एक मिनिट धरायचा. सोडताना दट्ट्या आधी थोडा पुढे ढकलून ओढ मोकळी करायची, मग सिरिंज काढायची. प्रत्येक पाजण्याआधी असं केलं की बोंड बाहेर येतं आणि बाळाला धरता येतं. कापलेली खरबरीत कड कधीही कातडीकडे नको. पहिल्यांदा नर्सबाईंच्या हातून करून घेतलेलं बरं.

चार्जिंगच्या पंपाबद्दल थोडक्यात. रोज आठ तास बाहेर राहणारीला तो परवडतो, कारण दोन्ही बाजूंना लागणारा घेतला तर दोन्ही एकदम होतात आणि वेळ निम्मा लागतो. क्लोज्ड सिस्टिम आहे का एवढं मात्र विचारा, म्हणजे दूध नळीतून मोटरपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये पडदा असतो. तो नसला तर नळीत बुरशी धरते आणि ती कशानेही निघत नाही. म्हणूनच मैत्रिणीचा जुना चार्जिंगचा पंप घेऊ नये. खोक्यावर ओढीचा आकडा मोठा छापला म्हणून पंप चांगला ठरत नाही.

हँडलच्या पंपाचा एक दोष आम्ही गुण देताना धरलाय, तो मनगटाचा. बाळंतपणानंतर अंगठ्याच्या बुडाशी दुखणं पुष्कळ बायकांना होतं, बाळ उचलून उचलून. त्यात दिवसातून तीनदा वीस मिनिटं हँडल दाबलं तर ते चिघळतं. मनगट आधीच दुखत असेल तर हा पंप तुमच्यासाठी नाही.

काढलेलं दूध पाजायचं कशाने, याचं उत्तर खोक्यातल्या बाटलीत शोधू नका. बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, घ्या. भांड्यांच्या दुकानात स्टीलचं बोंडलं पंपाच्या किमतीपुढे नगण्य पैशांत मिळतं. घेताना चोचीचा सांधा बघा. आतून कडा, खाच किंवा डाग नको, सगळं एकसंध आणि गुळगुळीत हवं. चांदीचं बोंडलं बारशात येतं, ते चालतं, पण नक्षीच्या खाचा रोज उकळून साफ करायची तयारी हवी. कल्हई नसलेलं पितळी नको. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि दूध ओठापर्यंतच आणायचं. बाळ जिभेने ओढून घेतं. ओतायचं नाही, आडवं झोपवून तर अजिबातच नाही, ठसका लागतो. सुरुवातीला थोडं सांडतंच, त्याचा हिशोब धरून दूध थोडं जास्त घ्यावं. बाटलीचं रबरी बूच चोखायची सवय लागलेलं बाळ अंगावर धरायला कुरकुर करू शकतं, तो त्रास बोंडल्याने टळतो, शिवाय ते धुवायला फार सोपं. फीडिंग बॉटलच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, ती काही उगाच नाही.

धुणं. पंपाचे सगळे भाग दर वेळी सुटे करायचे. आधी गार पाण्याने दूध काढून टाकायचं, मग गरम पाणी आणि साबण. त्यासाठी वेगळं पातेलं ठेवा, सिंकमध्ये थेट टाकू नका. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळायचं, तेही खोक्यावर उकळायला चालतं असं लिहिलेलेच भाग. वॉल्व्हच्या चिरेत ब्रश किंवा काडी घालायची नाही, तो नेमका तिथेच फाटतो. बोटांनी चोळून धुवा. वाळवायला स्वच्छ फडक्यावर उपडे ठेवा, पदराने किंवा स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका. पावसाळ्यात इथे वाळायला वेळ लागतो, ओले भाग डब्यात बंद केले की वास येतो.

साठवणीचे आकडे पुस्तकात चार तास बाहेर असे असतात, पण ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीचे आहेत. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घरातलं तापमान त्याच्या बरंच वर जातं. तेव्हा काढलं की लगेच फ्रिज. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही, चार दिवस. एक दार असलेल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे धरून चाला. वेगळं दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. झाकणाच्या छोट्या डब्यांत साठ-साठ मिलीच भरा आणि वर तारीख लिहा. ताजं कोमट दूध गार दुधात ओतायच्या आधी तेही गार करून घ्या. वर साय धरल्यासारखा थर येतो, दूध नासलेलं नसतं, डबा हलकेच गोल फिरवला की मिसळतं. गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. गोठवलेलं वितळलं की चोवीस तासांत संपवायचं, आणि बाळाने उष्टं केलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं.

कामावर जाणारीसाठी हिशोब असा: जितके तास बाहेर, तितके तीस ते पंचेचाळीस मिली. आठ तासांना २४० ते ३६० मिली. पहिल्या दिवसासाठी एवढा साठा पुरतो, पुढे रोजचं काढलेलं दुसऱ्या दिवशी. फ्रीझर भरून ठेवायची गरज नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत असो, बँकेत असो की शाळेत, कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २०१७पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवड्यांची आहे. परत रुजू झाल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन सुट्ट्या पाजण्यासाठी मिळतात, नेहमीच्या मधल्या सुट्टीशिवाय. दूध काढायला याच वेळा वापरता येतात, रुजू होण्याआधी साहेबांशी बोलून जागा ठरवून घ्या. दार बंद होणारी खोली हवी. बाथरूम नको. ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), विटा, जत असा रोजचा एसटीचा प्रवास असेल तर बर्फाच्या दोन पिशव्यांसह छोटी कूलर बॅग घ्या, दूध चोवीस तास टिकतं. स्टँडवर हिरकणी कक्ष असेल तर तिथे निवांत काढता येतं.

छातीचे पॅड विकत घ्यायची घाई नको. जुन्या मऊ धोतराच्या चार पदरी गोल घड्या तेच काम करतात, ओल्या झाल्या की बदलायच्या. पंपासोबत मात्र एक जास्तीचा वॉल्व्ह पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, तो नेमका रविवारी फाटतो.